मला कन्नड येत नाही

हे सगळं उजव्या हातापासून सुरू झालं. तळव्यात मुंग्या यायच्या. आधी वाटलं, झोपेत हात अंगाखाली जात असेल. मग वाटलं, साखर. बेळगावात खासबागेतल्या आमच्या डॉक्टरांनी साखर बघितली, मानेचा एक्स-रे काढला, हाताच्या शिरांना बारीक बारीक शॉक देऊन झाले. रिपोर्ट सगळे असे नितळ आले की माझी मलाच लाज वाटली. साठी ओलांडलेल्या माणसाचा एखादा तरी रिपोर्ट बिघडलेला असावा. चार माणसांत बसल्यावर सांगायला काहीतरी लागतं.

"घरात कोण कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी आणि टीव्ही. त्यातला टीव्ही जास्त बोलतो."

ते हसले आणि मला बरं वाटलं. समोरच्याला हसवलं की मला बरं वाटतं, हा माझा जुना रोग आहे आणि त्यावर कुणी गोळी काढलेली नाही. पण डॉक्टरांनी हसता हसता चिठ्ठीवर खडेबाजारातला एक पत्ता लिहून दिला. मनाच्या दुखण्यांवर तिथं समुपदेशन करतात म्हणाले. "नुसतं बोलून या."

"बोलायला? डॉक्टर, माझं बोलणं ऐकून माझी बायको तीस वर्षं म्हणत होती, ह्यांना गप्प बसायचं औषध द्या कुणीतरी."

यावर ते हसले नाहीत. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती पुण्यात असते. ती म्हणाली, "खडेबाजारात नको आप्पा. तिथं कन्नड बोलणारं कुणीतरी असेल, आणि तुम्हाला कुठं कन्नड येतं? मी इथली मराठी बाई बघते. व्हिडिओवर बोलता येतं."

पोटच्या पोरीलाही ठाऊक होतं की मला कन्नड येत नाही. इतकं ते मी चोख पाठ करून घेतलं होतं सगळ्यांकडून.

आता हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्या सीमाभागात 'मला कन्नड येत नाही' ही माहिती नसते, तो बाणा असतो. जवळच्याच मच्छे गावातल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. निम्मे कामगार कन्नड. त्यांची गाऱ्हाणी, त्यांच्या शिव्या, त्यांच्या पोरींची लग्नं, सगळं मी कन्नडमध्ये ऐकलं आणि गरज पडली तर दोन शब्द बोललोही. पण कारखान्याचं फाटक ओलांडलं, की संपलं. बसमध्ये, कचेरीत, बँकेत मी ठणकावून सांगायचो, "कन्नड गोत्तिल्ल!" म्हणजे, कन्नड येत नाही. एकदा एक कंडक्टर तिकीट फाडता फाडता कन्नडमध्येच म्हणाला, "अण्णा, एवढं स्वच्छ 'गोत्तिल्ल' तर आमच्या धारवाडात पण कोण म्हणत न्हाय." सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. समजलंच नव्हतं ना मला.

बायको बैलहोंगलच्या पलीकडची. आमच्या समाजात सोयरेपाहुणे दोन्ही भाषांत असतात, त्यामुळं तिचं माहेर अख्खं कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सहा महिन्यांत ती गल्लीतल्या नळावर मराठीत भांडायला लागली. माझ्याशी कायम मराठीच बोलली. तिचं कन्नड उरलं ते रोज दुपारी चारच्या फोनपुरतं. मोरीपाशी कट्ट्यावर बसून ती आईशी बोलायची, आणि बोलण्याचा विषय बहुतेक मीच असायचो. पहिल्या पाळीवरून आलेला मी पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकायचो. एकदा तिनं आईला सांगितलं, की ह्यांनी पाहुण्यांसाठी आमटी केली, दोनदा मीठ घातलं, आणि पाहुण्यांनाच म्हणाले, आमच्याकडचं पाणीच खारट. मला खुदकन हसू आलं.

फोन ठेवून ती आली. "काय झालं वो हसायला?"

"पेपरात एक विनोद हाय."

"व्हय? पेपर उलटा धरलाय तुम्ही."

तेवढंच म्हणून आत गेली. चहा ठेवला.

तर, पुण्याच्या बाई. बाई गुणी होत्या, मराठी एकदम इस्त्रीची. त्यांनी विचारलं, "सर, सध्या आतून काय जाणवतंय?" मी त्यांना खारट आमटी सांगितली. मग कंडक्टर सांगितला. मग कारखान्यातले तीन किस्से. त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. शेवटी म्हणाल्या, "किती सकारात्मक आहात तुम्ही! आता फक्त स्वतःसाठी थोडा वेळ काढा. एकट्यानं बाहेर जेवायला जा. स्वतःच्या सोबतीचा आनंद घ्या."

मी सकाळी सहाला उठतो, आणि तेव्हापासून माझ्याकडं वेळ सोडून दुसरं काहीच नसतं. पण वैद्यानं सांगितलेलं करावं म्हणून एका खानावळीत गेलो. आमच्याकडं शहाणा माणूस एकटा खानावळीत जातो तो कोर्टाची तारीख असली तरच. मी चार खुर्च्यांच्या टेबलावर बसलो. वाढपी आला. "अजून कोण यायचं हाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय. येतील की."

झालं. आता येणाऱ्याची वाट बघणं आलं. वाढप्यानं समोर दुसरं ताट मांडून ठेवलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. दाराशी कुणी आलं की तो माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायचो, हे नव्हेत. पाऊण तास मी त्या रिकाम्या ताटासमोर बसलो, आणि मग "त्यांचा फोन आला, अडकलेत" असं सांगून न जेवता उठलो. फोन मी खिशातून काढलाही नव्हता. वाढपी भला माणूस होता, म्हणाला, "घेऊन या परत. आमची भाकरी वैनींना आवडंल."

त्यानं 'वैनी' कसं ओळखलं कुणास ठाऊक. कदाचित मी खुर्ची जरा मागं ओढून ठेवली होती म्हणून.

पुण्याच्या बाईंनी मुलीला कळवलं, वडील उत्तम आहेत. मुलगी खूश. मुंग्या तशाच.

म्हणून एक दिवस, कुणाला न सांगता, मी खडेबाजार गाठला. पत्त्यावरचा जिना एका साड्यांच्या दुकानाला लागूनच वर जात होता. डोक्यात हेल्मेट, तोंडाला रुमाल. गाडी लावून झाली तरी हेल्मेट काढलं नाही. वरच्या मजल्यावर कुठल्या दवाखान्याची पाटी आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक, आणि आपल्यात डोक्याच्या डॉक्टरकडं जाणारा माणूस म्हणजे संपलाच. पहिल्या पायरीवर पाय ठेवतो तोच दुकानाच्या दारातून हाक आली, "या या अण्णा! हेल्मेट काढा की, आत ऊन न्हाय!"

पायरीवरचा पाय मी तसाच वळवला आणि दुकानात गेलो. गादीवर बसलो. मालकांनी विचारलं, "वैनींना कुठला रंग?"

मी म्हटलं, "हिरवा."

त्यांनी सतरा साड्या उलगडल्या. मी प्रत्येकीचा पदर हातात घेऊन बघितला, काठाला नावं ठेवली, 'हिला चालणार न्हाय, लई भडक' असंही एकदा म्हणालो. शेवटी एक हिरवी इरकली घेऊन बाहेर पडलो. वरची वेळ टळून गेली होती. घरी येऊन ती साडी कपाटात ठेवली, तिच्या साड्यांवर. मग काढली आणि बाजूला ठेवली. नवी होती, जुन्यांत मिसळेना.

दुसऱ्या खेपेला मी दुकानाकडं न बघता थेट वर गेलो.

वर दोन खोल्या. पहिलीत बाक. भरायचा फॉर्म मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषांत होता, हवा तो घ्यायचा. मी मराठी घेतला. 'कोणत्या भाषेत बोलायला आवडेल?' या ओळीपुढं 'मराठी' लिहून खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात आतून एक तिशीची मुलगी आली आणि म्हणाली, "या काका. माझा मराठी थोडा कच्चा आहे. चालेल ना?"

"कच्ची," मी म्हणालो.

"काय?"

"मराठी 'ती' असते. माझी मराठी कच्ची आहे."

समुपदेशन करणारी हीच, हुबळीकडची. मराठी इथं येऊन, पेशंटांकडून शिकलेली. पहिले दोन्ही तास मी तिला काय काय शिकवलं म्हणून सांगू! तो दार नाही, ते दार. 'मी बोलला' नाही, 'मी बोलले'. ती वहीत लिहून घ्यायची, आणि मधेच विचारायची, "काका, जेवण कोण करतं घरी?" मी म्हणायचो, "जेवण मी करतो, आणि 'कोण करतं' हे बरोबर बोललात." तास संपला की मी जिना उतरताना अगदी ताजातवाना. वाटायचं, उपचार लागू पडतायत. तिच्या मराठीला पडत होते, हे खरं.

तिसऱ्या तासाला मी लवकर पोहोचलो. ती फोनवर होती, दार अर्धं उघडं. आईशी बोलत होती, कन्नडमध्ये. वडिलांनी कवळी गुळाच्या डब्यात ठेवली होती आणि आता घरभर कवळी शोधणं चाललं होतं. ही सांगत होती, अगं, गूळ किसायला घेतलास की सापडेल. मी बाकावर बसल्या बसल्या हसलो.

मग आत गेलो. तिनं त्या दिवशी वही काढलीच नाही.

"काका, घरात भांडण कुठल्या भाषेत व्हायचं?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आतून काय जाणवतंय त्याला माझ्याकडं किस्से होते, याला नव्हते. म्हटलं, "मी मराठीत भांडायचो. तीही मराठीतच. लई राग आला की मात्र कन्नडमध्ये जायची."

"आणि दुखलं-खुपलं तर?"

"तेव्हा पण कन्नड."

मग मीच घाईघाईनं म्हणालो, थांबा, तुम्हाला बायको आजारी असतानाची दवाखान्यातली गंमत सांगतो. आणि ती गंमत मी सांगितली. गेल्या दीड वर्षात ती मी बऱ्याच जणांना सांगितली होती, बाराव्याच्या पंगतीत सुद्धा. चांगली बसलेली होती. माझा थोरला भाऊ खाटेशेजारच्या एकुलत्या खुर्चीत, मांडीवर डबा घेऊन. वहिनी पायाशी. नर्स सांगतेय एका वेळी एकच माणूस थांबा, आणि भाऊ तिला सांगतोय, आम्ही एकच हाय, एकाच घरचं. भावाचा आवाज मी हुबेहूब काढतो. आणि त्या गोंधळात ही खाटेवरून मला कन्नडमध्ये काहीतरी म्हणते, आणि मी भावाकडं बघून म्हणतो, "बघ रं अण्णा, शेवटी माहेरावर गेली! मला काय समजतंय हिचं?" इथं लोक हसतात.

ती हसली नाही. "काय म्हणाल्या त्या?"

"कन्नडमध्ये होतं ते. मला कन्नड येत नाही."

तिनं अर्धं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "काका, मघाशी मी आईशी बोलत होते, तेव्हा तुम्ही हसलात. कवळीला."

खोलीत पंखा चालू होता. खालून खडेबाजाराचा सगळा कालवा वर येत होता, हॉर्न, भाजीवाल्या, दुकानदारांची 'या, या'. मी तळवा चोळत बसलो. पेपर असता तर तोंडासमोर धरला असता.

मग तिनं हळूच विचारलं, "एनंद्रु?" काय म्हणाल्या?

आणि मी सांगितलं. तिनं म्हटलं होतं तसंच, त्याच शब्दांत. "स्वल्प कै हिडीरी." जरा हात धरा.

कन्नडमध्ये मला किस्सा रचता येत नाही. तेवढं ते मला येत नाही, हे मात्र खरं. मला येतं ते स्टोअरचं कन्नड: आहे, नाही, दिलं, दिलं नाही. तेवढ्यातच मी सांगितलं. ती म्हणाली, हात धरा. मी धरला नाही. थोरला भाऊ होता. भावासमोर मी कधी तिच्याबरोबर एका खाटेवरही बसलो नव्हतो. मला समजलं. समजलं नाही म्हणालो.

"मग त्या काय म्हणाल्या?"

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. गमतीतून ती मी काढून टाकली होती.

खाटेवरून ती माझ्याकडं बघत राहिली. हात चादरीवर उताणा होता, तो तिनं चादरीत घेतला. आणि भावाकडं वळून, मराठीत, अगदी घरात बोलायची तशी म्हणाली, "व्हय की भावजी. ह्यांना कन्नड न्हाय येत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्या वेळी मी औषधं आणायला खाली गेलतो.

हुबळीच्या मुलीनं मला 'होतं असं' म्हटलं नाही, 'स्वतःला माफ करा' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथं तिच्या मराठीची चूक काढली असती. तिनं पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. मी पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, त्यांच्या माहेरी कोण आहे?

"आई. एकटीच असते. ऐंशीच्या पुढं."

"तुम्ही फोन करता?"

"नाही. तिला मराठी येत नाही आणि मला..." आणि मी थांबलो.

घरी आलो. चार वाजले होते. मोरीपाशी कट्ट्यावर बसलो. तिथं बसल्यावर कळलं, की कट्टा किती अरुंद आहे. ती बाई तीस वर्षं इथं तासतासभर कशी बसली? बायकोच्या वहीतून नंबर काढला. बराच वेळ वाजल्यावर म्हातारीनं उचलला.

"यारु?"

कोण. आता सांगायचं काय? जावई म्हणून मी तिच्याशी आयुष्यात नमस्कार आणि 'बरं हाय' याच्या पलीकडं बोललो नव्हतो. मी म्हटलं, कन्नडमध्ये, मी बोलतोय, बेळगावहून. पलीकडं नुसती खरखर. मला वाटलं, फोन कटला. मग म्हातारी म्हणाली, आणि आवाज बायकोचाच होता, नुसता वाळलेला: "आता आलं होय रे तुला कन्नड?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच म्हणाली, "ती सांगायची. येतंय त्याला सगळं म्हणायची. पेपरामागं बसून ऐकतो, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं सांगते त्याच्याबद्दल, म्हणायची."

पेपरामागून ऐकणारा मी, आणि कट्ट्यावरून ऐकवणारी ती. इतकी वर्षं ती माझ्याशीच बोलत होती आणि मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

दवाखान्यातलं तिला सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं. पण म्हातारीच्या पोरीचं शेवटचं मागणं मी नाकारलं, हे तिच्या गळ्यात घालून मी हलका व्हायचं, हे काही मला जमेना. त्याऐवजी, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हणालो, "तुमच्यासाठी एक साडी घेतलीय. इरकली. घेऊन येतो."

"कुठला रंग?"

"हिरवा."

म्हातारी हसायला लागली. चाळीस वर्षं विधवा असलेल्या बाईला जावई हिरवी साडी नेणार होता. ती हसली, खोकली, परत हसली. "आण," म्हणाली. "उशाला घेईन." मग सासूपणा आठवला तिला. "ऊट आत?" जेवण झालं का?

दीड वर्ष हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारत होतं. मुलगी फोनवर, शेजारी गॅलरीतून, भाऊ. रोज मी 'झालं की' म्हणत आलो होतो. मराठीत ते आपोआप येतं. कन्नडमध्ये तयार उत्तर नव्हतं. म्हणालो, "इल्ल." नाही.

"चार वाजले की रे! जा, आधी जेव. मग फोन कर."

मी उठलो. पीठ मळलं नाही, तेवढा उत्साह नव्हता. सकाळचा भात होता, त्यावर ताक ओतलं, मीठ घातलं. विसरून दुसऱ्यांदा घातलं. एकट्यानं बसून सगळा खाल्ला. उजव्या तळव्यात मुंग्या येत होत्या. त्या अजूनही येतात. हात धुतला आणि परत फोन लावला.

"यारु?" म्हातारीनं पुन्हा विचारलं. मघाचं सगळं ती विसरली असावी.

मी कट्ट्यावर नीट सरकून बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.